तारपकरी आणि शाळा

२०२६ सालच्या प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येस भारत सरकारने पद्म पुरस्कारांची यादी प्रसिद्ध केली. तीत पद्मश्रीच्या मानकऱ्यांमध्ये आपल्या जव्हार तालुक्यातील वाळवंडा गावचे, नव्वदी गाठलेले तारपावादक श्री. भिकल्या लाडक्या धिंडा यांचे नाव होते. त्या दिवसापासून जव्हारात, मोखाड्यात, किंबहुना सबंध पालघर जिल्ह्यात तारप्याची वार्ता नाही असे घर राहिले नाही. ज्या वाद्यास कालपर्यंत पुष्कळ सुशिक्षित लोक ‘ते लांब भोंग्यासारखे काहीतरी’ एवढ्यावर आटोपते घेत असत, त्याचे नाव आता सर्वांस पाठ झाले. हा आनंद आम्हांसही झाला. परंतु आनंदाच्या भरात एक प्रश्न मागे पडला आहे, आणि तो शाळेत जाणाऱ्या मुलांशी व त्यांच्या आईबापांशी निगडित असल्यामुळे या वार्षिकाच्या पानांवर मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते. तो प्रश्न असा की, या थोर वृद्धांच्या पश्चात तारपा फुंकणार कोण, आणि ते त्यास शिकवणार कधी व कोठे?

प्रथम हा कलावंत कोणत्या जातीचा आहे हे नीट ओळखले पाहिजे. येथे ‘जात’ हा शब्द आम्ही धंद्याच्या अर्थाने योजतो. जुन्या काळी आपल्या महाराष्ट्रात मोठमोठ्या गवयांना संस्थानिकांचा आश्रय असे. अल्लादियाखाँसाहेबांस कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा आधार होता, हे सर्वश्रुत आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ही आश्रयाची चाकोरी सोडली आणि १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय काढून, लोकांच्या पैशांवर व लोकांच्या मुलांसाठी गायनविद्या शिकवावयास आरंभ केला. त्यामुळे गवई हा दरबाराच्या दारात तिष्ठणारा मनुष्य न राहता गुरुजी म्हणून समाजात मानाने वावरू लागला. आता आपल्या डोंगरातील तारपकऱ्याकडे पाहावे. आपल्याही मुलखात जव्हारचे मुकणे घराण्याचे संस्थान होते आणि ते १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. परंतु गावोगावचा तारपकरी काही दरबारच्या तनख्यावर जगत नव्हता. तो शेतकरी होता व आजही आहे. भात, नागली, वरई पिकवावी, तिच्यावर पोट भरावे, आणि पीक हाती आले की वाद्य हाती घ्यावे, असा त्याचा क्रम. कोणी मालक नाही, कोणी मंडळी नाही, कोणी तिकीट काढीत नाही. स्वतंत्र कलावंत म्हणतात तो हाच. मात्र या स्वातंत्र्यात एक उणीव आहे. पलुसकरांनी गवयास जशी शाळा मिळवून दिली, तशी तारपकऱ्यास अद्याप कोणी दिलेली नाही.

दुसरी गोष्ट अशी की तारपकरी आपले वाद्य स्वतः घडवितो. मिरजेस सतारी व तंबोरे होतात; तेथील कारागिरी एवढी नावाजलेली की २०२४ साली तिला भौगोलिक मानांकन लाभले. तेथेही वाद्याचे पोट भोपळ्याचेच असते. परंतु मिरजेस सतार करणारा एक व वाजविणारा दुसरा. तारप्याचे सामान्यतः तसे नाही. पावसाळ्याच्या तोंडावर परसात भोपळ्याचे बी लावावयाचे, वेल मांडवावर किंवा कुडाच्या छपरावर चढवावयाचा, आणि त्यावरील फळांतून योग्य आकाराचे फळ हेरून ते खुडण्याचा मोह आवरावयाचा. जे फळ भाजीत गेले ते गेलेच. राखलेले फळ जून होऊन वाळते, आतला गर व बिया काढून ते पोकळ करतात. त्याच्या एका अंगास फुंकण्याचे तोंड, दुसऱ्या अंगास बांबूच्या दोन नळ्या. नळ्यांच्या भोपळ्यातील टोकांस बारीक जिभल्या कापलेल्या असतात व बाहेरच्या भागावर बोटांसाठी छिद्रे असतात. सांधे मधमाशांच्या मेणाने बुजवितात, कारण वारा कोठेही निसटला तर आवाज मेलाच म्हणून समजा. शेवटी ताडाची पाने गुंडाळीत गुंडाळीत मोठा कर्णा करतात, तो खाली निमुळता नसून उलट रुंदावत जातो व आवाजास रानभर पोहोचवितो. काही तारपे तर वाजविणाऱ्या माणसाहूनही लांब असतात.

विद्यार्थी मित्रांनो, पदार्थविज्ञानाच्या तासास ध्वनीचा धडा शिकताना तुम्ही स्वरकाटा आणि काचेची नळी हाताळता. या एका वाद्यात त्या धड्यातील निम्मी प्रकरणे भरली आहेत, हे तुमच्या ध्यानात आले आहे काय? जिभली थरथरते म्हणून नाद निघतो, भोपळा वाऱ्याची कोठी होतो, छिद्रे उघडता-मिटता नळीतील हवेचा स्तंभ लांब-आखूड होतो आणि कर्णा तो नाद मोकळ्या हवेत सोडतो. गारुड्याच्या पुंगीची रचनाही याच कुळातली. हे सारे मेण, बांबू, पाने आणि भोपळा यांतून, एक खिळादेखील न लागता होते.

आणि याहून कठीण भाग पुढेच आहे. तारप्याचा आवाज मध्ये तुटत नाही. वाजविणारा गालांत हवा साठवितो, गाल दाबून ती वाद्यात लोटतो, आणि नेमक्या त्याच क्षणी नाकाने नवा श्वास ओढून घेतो. ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवासी आपले डिजेरिडू नावाचे लाकडी वाद्य याच रीतीने फुंकतात. ही युक्ती कागदावर दोन ओळींत लिहिता येते; अंगी मुरावयास मात्र वर्षे लागतात, आणि तीही कोवळ्या वयातील. म्हाताऱ्या तारपकऱ्यांशी बोलावे तर ते शिकण्याची जी हकीकत सांगतात ती बहुधा एकाच धर्तीची असते: वडील किंवा चुलते वाजवीत, आपण शेजारी बसून पाहत असू, गुरे राखताना झाडाच्या सावलीत तुटक्या नळीवर फुंकर मारून बघत असू, आणि एके वर्षी नाच रंगात असताना वडील दमले म्हणून तारपा आपल्या हाती आला. वर्ग नाही, पुस्तक नाही, परीक्षा तर नाहीच. तथापि त्या परीक्षेत नापास होणारा लगेच कळत असे. नाचणारांचे पाय अडखळत.

नाचाविषयी येथे दोन शब्द लिहिले पाहिजेत. भात पिकून दिवाळी जवळ आली म्हणजे रात्री गावाच्या मोकळ्या जागी तारपकरी उभा राहतो. तरुण स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेस हात घालून साखळी करतात, पुढे एक जण घुंगरांची काठी आपटीत चालतो, आणि ती साखळी वाजविणाऱ्याभोवती फिरू लागते. तारपकरी वळेल तसे सारे वळतात. त्याने चाल बदलली की पावले बदलतात. तारप्याकडे कोणी पाठ करीत नाही. वारली, कोकणा, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी अशा अनेक जमातींच्या वस्त्या या दोन तालुक्यांत आहेत व प्रत्येकीचे रीतिरिवाज निराळे आहेत, परंतु तारप्याचा सूर टेकडीपलीकडून आला की कोणत्याही पाड्यातील तरुणांचे घरात लक्ष लागत नाही, एवढे खरे.

तारप्याचे नाव आज पुढे आले म्हणून इतरांस विसरू नये. वारल्यांच्या लग्नात धवलेरी म्हणून स्त्री असते. तिची गीते झाल्यावाचून लग्न लागत नाही. म्हणजे जेथे इतर समाजांत पुरोहित असतो तेथे येथे एक गाणारी बाई उभी आहे, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिनींनी अवश्य ध्यानात ठेवावी. घांगळीवर कणसरी मातेची, म्हणजे धान्यदेवतेची, कथा रात्ररात्र गाणारे भगत आहेत. काशाच्या थाळीवर मेणाने काडी उभी करून तिच्यावरून बोटे ओढीत, त्या घुमणाऱ्या नादावर लांबच लांब कथा सांगणारे थाळकरी आहेत. आणि होळीनंतर मोखाड्यास जो बोहाडा होतो, त्यातील सोंगे पाहावयास लांबलांबून मंडळी येतात व छायाचित्रे काढून नेतात. परंतु ज्याच्या संबळावाचून एकही सोंग पाऊल उचलू शकत नाही त्या वाजविणाऱ्याचे नाव विचारणारा मनुष्य आमच्या पाहण्यात अजून आलेला नाही!

ही मंडळी एकत्र बसली म्हणजे काय बोलतात? आपणास वाटेल, सुरातालाची चर्चा चालत असेल. ती चालतेच, यंदा भोपळे लहान राहिले, मेण मिळत नाही, अमक्याच्या नळीचा आवाज फाटका येतो, असे बोलणे होते. पण त्याहून अधिक बोलणे पोटापाण्याचे आणि चालू घडामोडींचे असते. लग्नात आता डीजेची गाडी येते. तिच्या भिंतीएवढ्या कर्ण्यांपुढे ताडपत्राच्या कर्ण्याने काय करावे? मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणेचे मोठे धरण २०१४ साली पुरे झाले, त्याचे पाणी मुंबईस जाते, आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. ही गोष्ट तर प्रत्येक बैठकीत निघते. ऑगस्टच्या ९ तारखेस जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुका निघतात व त्यांत तारपा वाजतो. यावर मतभेद ऐकू येतात. भर पावसाळा हा तारप्याचा हंगाम नव्हे, पाने भिजतात, आणि नवे धान्य येण्यापूर्वी तो काढणे रीतीस धरून नाही, असे जुन्यांचे म्हणणे. तर ज्या दिवशी आपली ओळख जगास दाखवावयाची त्या दिवशी तारपा घरात का टांगून ठेवावा, असे तरुणांचे म्हणणे. आम्हांस दोन्ही पक्षांचे म्हणणे पटते. वाद चालू आहे याचा अर्थ वाद्य जिवंत आहे, कारण मेलेल्या वस्तूच्या हंगामाविषयी कोणी भांडत नाही.

या सर्वांत एक तक्रार मात्र एकमुखाने ऐकू येते. कोणी मोठा पाहुणा यावयाचा असला की तारपकऱ्यास निरोप धाडतात. तो दोन कोस चालून येतो, उन्हात उभा राहतो, पाहुण्याची मोटार दिसताच वाजवू लागतो, आणि पाहुणे मंडपात शिरले की त्याचे काम संपते. आत भाषणे होतात, त्यांत संस्कृतिरक्षणाचा गौरव होतो, आणि ज्याने ती रक्षण केली तो बाहेर झाडाखाली बसलेला असतो. बिदागीचे विचारावे तर शाल व नारळ. एक दिवसाची मजुरी बुडाली तिचे काय, हे विचारण्याचा त्यास संकोच वाटतो व देणाऱ्यास सुचत नाही. विजेचे दिवे लावणारा, मंडप घालणारा, ध्वनिक्षेपक आणणारा या सर्वांचा दर आधी ठरतो. दर न ठरविता ज्यास बोलाविता येते असा कार्यक्रमातील एकच मनुष्य उरतो, तो कलावंत.

आपल्याच जिल्ह्यातील चित्रकलेची हकीकत याहून निराळी झाली. १९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या रसिकाने वारली पाड्यांवर जाऊन कागद व रंग पुरविले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे जगभर गेली. २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली व २०१८ साली ते निवर्तले. त्यांच्या मागे चित्रे काढणाऱ्या तरुणांची रांग उभी आहे, हे आपण पाहतोच. त्या चित्रांतील सर्वांस ठाऊक असलेला देखावा कोणता म्हणाल तर मध्ये तारपकरी व भोवती नाचणारांचे वेटोळे! हे वेटोळे आज भिंतीवर आहे, पिशवीवर आहे, चहाच्या पेल्यावर आहे, शाळेच्या फाटकावरही आहे. परंतु चित्रातला तारपा वाजत नाही. चित्र घरी बसून काढता येते, पोस्टाने पाठविता येते, त्याची किंमत ठरविता येते. नादाचे तसे नाही. तो वाजविणाऱ्याच्या छातीत राहतो आणि शेजारी बसलेल्या पोराच्या कानात जातो. मधला हा हातभर अंतराचा रस्ता बंद झाला तर सर्वच संपले.

हा रस्ता कशामुळे बंद होत आहे? डीजेस दोष देणे सोपे आहे. आमचे मत निराळे आहे. भातकापणी झाली, दिवाळी सरली, की जव्हार-मोखाड्यातील शेकडो कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन भिवंडी, वसई, कल्याण या बाजूंस वीटभट्ट्यांवर व रेतीच्या कामांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे तारप्याचा हंगाम ज्या दिवसांत, त्याच दिवसांत गाव ओस. आणि जी मुले भट्टीवर जात नाहीत ती कोठे असतात? आश्रमशाळेत, वसतिगृहात, आमच्यासारख्या शाळांत. ती सुरक्षित असतात, दोन वेळ जेवतात, लिहावयास शिकतात. याबद्दल कोणाही शहाण्या माणसास समाधानच वाटेल. परंतु ज्या रात्री पाड्यावर तारपा उभा राहतो त्या रात्री हा दहा वर्षांचा मुलगा पन्नास मैलांवर खाटेवर झोपलेला असतो. पूर्वी वडिलांशेजारी बसण्यात जी वर्षे गेली असती तीच वर्षे शाळेने घेतली. ती घेणे योग्यच होते. पण जिने ती घेतली, तिने त्यांतील थोडी परत का करू नये? तारप्याची परंपरा राखणे हे सरकारचे काम, पुरस्कार समितीचे काम, असे म्हणून शाळेस अंग झाडता यावयाचे नाही. शिकणारा मुलगा तिच्या छपराखाली आहे. मग शिकविणारासही तेथेच आणले पाहिजे.

यावर पालकांकडून दोन आक्षेप येतील हे आम्ही जाणतो. पहिला असा की, आम्ही मुलास शाळेत घातले ते भोपळा फुंकावयास नव्हे; तो शिक्षक व्हावा, परिचारिका व्हावी, कचेरीत लागावा म्हणून. हा आक्षेप खोटा नाही. तारप्याने पोट भरते असे खुद्द तारपकरीही म्हणत नाही, आणि भुकेल्या घरास कलेचा उपदेश करणे यासारखे निर्लज्ज काम दुसरे नाही. परंतु तारपकरी शेती करून तारपा वाजवीत आला. मग शिक्षक होऊन का वाजवू नये? आठवड्यातून एक संध्याकाळ दिल्याने गणिताचे नुकसान होत असते तर क्रिकेटने ते केव्हाच झाले असते.

दुसरा आक्षेप नाजूक आहे. तारपा हा वाघबारसेस, वाघदेवापुढे व जुन्या देवतांच्या उत्सवात वाजतो. ख्रिस्ती शाळेने तो जवळ का करावा, असे काही सज्जनांस वाटते. तर उलट काही आदिवासी बंधूंस अशी शंका येते की शाळेच्या मंचावर गेला म्हणजे तो आपला राहणार नाही. पहिल्या मंडळींस आम्ही रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण देऊ. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या कवीने अभंग व कीर्तन टाकून दिले नाही; मराठी मनुष्य ज्या चालींवर रडतो व हसतो त्या चालीच त्याच्या उपासनेसही शोभतील, हे त्यांनी ओळखले. दुसऱ्या मंडळींची शंका याहून भारी आहे आणि तिला शब्दांनी उत्तर देता येत नाही. शाळेने तारप्याची गीते बदलू नयेत, त्यावर आपली पदे चढवू नयेत, केव्हा वाजवावे व केव्हा नाही हे तारपकऱ्यासच ठरवू द्यावे. असे चार वर्षे झाले तर शंका आपोआप ओसरेल, न झाले तर ती रास्त होती असे ठरेल.

मग करावे काय? स्नेहसंमेलनात पाच मिनिटांचा ‘आदिवासी नृत्य’ असा जो कार्यक्रम असतो, ध्वनिफितीवर नाचण्याचा, तो आम्ही प्रथम बंद करू. ज्या तालुक्यात तारपकरी हयात आहे तेथे त्याच्या नादाची फीत लावून मुले नाचविणे म्हणजे विहिरीच्या काठी बसून पाण्याचे चित्र चाटणे होय. त्याऐवजी दिवाळीनंतर एक सबंध संध्याकाळ तारपकऱ्यास द्यावी, पाहुण्यांवाचून, भाषणांवाचून. आणि त्याची बिदागी आधी बोलून, पाकिटात घालून, कार्यक्रमापूर्वी द्यावी. ती मंडप घालणाराहून कमी नसावी. त्यानंतर ज्या पाचसात मुलांचे डोळे त्या रात्री चमकलेले दिसतील, तेवढ्यांसाठी दर आठवड्यास त्यास बोलवावे व शिक्षकाप्रमाणे मानधन द्यावे. सगळ्या वर्गास शिकविण्याचा हट्ट नको. तारपा हा कवायतीचा विषय नाही. मोठ्या वर्गातील मुलामुलींनी आपल्या पाड्यावरील धवलेरीच्या, थाळकऱ्याच्या परवानगीने ती गीते जशीच्या तशी, आपल्या बोलीत, वहीत उतरून घ्यावीत. ‘शुद्ध’ करू नयेत. ज्यांची आजी धवलेरी आहे अशी मुलगी वर्गात असून ती ते सांगावयास लाजते, ही स्थिती तरी या कामाने पालटेल.

खर्चाचा हिशेब करून पाहिला. दुसऱ्या कोणत्याही वाद्यवर्गाहून हा स्वस्त पडतो. पेटी घ्यावी लागत नाही, तबला घ्यावा लागत नाही. बांबू आवारात आहे, मेण व ताडाची पाने मागितली तर पालक आणून देतील. विकत न मिळणारी वस्तू एकच, ती म्हणजे राखलेला भोपळा. त्याचे बी पहिल्या पावसात पडले पाहिजे. शाळा जूनमध्ये उघडते व मृगही त्याच सुमारास निघतो. तेव्हा ज्या पालकांच्या घरी गोल पोटाच्या व लांब मानेच्या भोपळ्याचे जुने बी असेल त्यांनी ते मुलांबरोबर पहिल्याच आठवड्यात पाठवावे. शाळेच्या मागील कुंपणाची दक्षिण बाजू त्यासाठी मोकळी ठेवण्यात आली आहे, आणि वेलावरचे फळ भाजीसाठी कोणी खुडू नये, अशी स्वयंपाकघरास आतापासूनच सूचना दिलेली आहे.